आधी आणायला हवी होती

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाने गप्प राहावं असा काही नियम नाही, पण निदान श्वास घ्यायला तरी थांबावं. रेडिओ थांबत नसे. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, आणि संध्याकाळी शटर खाली आलं तरी आतून थोडा वेळ आवाज येत राहायचा. त्याला रेडिओ हे नाव कोणी ठेवलं यावर वाद आहे. पत्र्याच्या भिंतीपलीकडचा बॅटरीवाला म्हणे, मी ठेवलं. रेडिओची बायको म्हणे, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी ठेवलं, आणि पहिल्या दिवशी ठेवलं नाही कारण मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही.

गिऱ्हाईक असलं की तो गिऱ्हाइकाशी बोले, नसलं की गाडीशी. "ये बाई, कुठं दुखतंय?" असं बोनेटला विचारी. जळालेल्या फ्यूजची खरडपट्टी काढी. आणि काही मोजायचं असलं की मोठ्यांदा मोजी, पाढे म्हटल्यासारखं. मनातल्या मनात मोजणं त्याला जन्मात जमलं नाही. शाळेत मास्तर म्हणत, "मनात मोज," आणि हा मनात मोजायला गेला की मधले आकडे कुठेतरी सांडत. पण तोंडाने मोजलं की एकही सांडत नसे, म्हणून दुकानात तो बिनधास्त ओरडून मोजे आणि लोक हसत. हसोत. गाडी तर सुरू होई.

त्याचं एक आवडतं वाक्य होतं. कुठलीही गाडी आली, तिला काहीही झालेलं असलं, तरी डोकं आत घालून बाहेर काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी आणायला हवी होती." वायर करपलेली असो, नाहीतर नुसता बल्ब गेलेला असो. आदल्याच दिवशी शोरूममधून निघालेली गाडी एकाने मुद्दाम गंमत म्हणून आणून उभी केली, तर तिलाही रेडिओ म्हणाला, "आधी आणायला हवी होती." त्यात दोष देण्याचा हेतू नसे. काही लोक बसताना "अगं आई गं" म्हणतात, तसं ते होतं.

एकदा मात्र ते वाक्य नको तिथे निघालं.

रेडिओची आई शेवटची काही वर्षं ताईकडे होती. ताई त्याच्याहून मोठी, नर्स. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंगं करणारी, इंजेक्शनं देणारी, ऑक्सिजनची नळी नाकाला नीट लागली आहे का ते बघणारी. आईचं सगळं तिनेच केलं. आई आदल्या संध्याकाळी चांगली जेवली, कोणाच्या तरी नकला करून हसली, आणि सकाळी उठवेना. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर बाहेर आले, जे सांगायचं ते सांगून गेले. ताई भिंतीला टेकून उभी होती. तेव्हा रेडिओने डोकं खोलीच्या आत घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "आधी आणायला हवी होती, ताई."

आपण काय बोललो हे त्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळलं. तेव्हा ताई आईचा चष्मा रुमालात गुंडाळत होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि रुमालाला गाठ मारली.

पुढचं दीड वर्ष ती त्याच्याशी बोलली नाही. ताईच्या रागाची एक रीत होती. ती भांडत नसे, टाकून बोलत नसे, फोनसुद्धा कापत नसे. ती वाजू देई. रेडिओ फोन लावी, तो तिकडे शेवटपर्यंत वाजे, आपणहून थकून बंद पडे. बायको म्हणे, "निदान कापला तरी असता, म्हणजे हातात घेतला असं तरी झालं असतं." रेडिओने माफी मागायची शंभर भाषणं तयार केली होती आणि ती सगळी त्याने एकेक करून बॅटरीवाल्याला ऐकवली होती. बॅटरीवाल्याने त्याला केव्हाच माफ केलं होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

मग एका सकाळी ताईची गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. मोठ्या वर्कशॉपने पार्ट यायला महिना लागेल असं सांगितलं होतं आणि तिला एक दिवससुद्धा थांबायची सोय नव्हती. ती खाली उतरली.

"हॉर्न वाजत नाही," ताई गाडीला म्हणाली.

"आणि स्टीअरिंगच्या चाकावरची बटणं?" रेडिओने टायरला विचारलं.

"तीही मेली आहेत. पेशंटचे फोन येतात. गाडी चालवताना बटणानेच उचलावे लागतात."

रेडिओने डोकं आत घातलं, बाहेर काढलं. वाक्य जिभेवर आलं होतं. त्याने ते चावलं, गिळलं, आणि त्याच्यामागोमाग पोटात होतं नव्हतं ते सगळं बोलणंही गेलं. रेडिओ बंद पडला.

एरवी हेच काम असतं तर त्याने समजावून सांगताना गिऱ्हाइकाचा चहा थंड केला असता. तो म्हणे, चाकावर बटणं बघा किती: आवाज वाढवा, कमी करा, गाणं बदला, फोन उचला, फोन ठेवा. एवढ्यांना वेगवेगळ्या तारा दिल्या तर चाक फिरवताना त्यांची वेणी होईल. म्हणून सगळ्यांना मिळून एकच तार. मग गाडीला कळतं कसं कुठलं बटण दाबलं? तर प्रत्येक बटणामागे एक रेझिस्टर बसवलेला असतो, करंटची वाट अडवणारा. कोणी थोडी अडवतो, कोणी जास्त. पलीकडे गाडीचा मेंदू फक्त एवढंच मोजतो की तारेवर व्होल्ट किती उरले, आणि त्यावरून ओळखतो. घरात बसून जिन्यावरच्या पावलांवरून नाही का आपण ओळखत, ही बायको, हा शेजारी, हे सासरेबुवा आणि आता लपावं लागणार? तसंच.

आणि ही तार फिरत्या चाकातून खाली न फिरणाऱ्या खांबात जाते ती एका चपट्या रिबिनीतून. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी करून ती एका प्लास्टिकच्या डबीत बसवलेली असते, म्हणून तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. चाक एकीकडे वळलं की ती आवळते, दुसरीकडे वळलं की सैल होते. हॉर्न तिच्यातूनच जातो, एअरबॅगही तिच्यातूनच. डबी बसवताना एकच अट: गुंडाळी अगदी मधोमध हवी. आधी एका टोकापर्यंत फिरवायची, मग वेढे मोजत दुसऱ्या टोकापर्यंत, मग निम्मे मोजत मागे यायचं. चुकलं तर नेहमीच्या रस्त्यावर काहीच कळत नाही. एका बाजूचं पूर्ण वळण घेतलं, की ती ताणते आणि चिरते.

ताईची जुनी रिबीन तुटलेली होती. रेडिओने बॅटरी सोडवली, थोडा वेळ जाऊ दिला, एअरबॅग जपून काढून ठेवली, चाक उतरवलं, कपाटात पडून असलेली एकुलती एक नवी डबी घेतली. सवयीने तिची गुंडाळी मधोमध धरून ठेवणारा स्टिकर काढून ती फिरवून बघितली, गुळगुळीत फिरते की नाही. मग मोजायची वेळ आली.

ताई स्टुलावर बसली होती, मांडीवर औषधांची बॅग. तिच्यासमोर शाळेतल्या पोरासारखं ओरडून मोजायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने मनात मोजलं.

चाक बसवलं. हॉर्न वाजला. सगळी बटणं चालली. एअरबॅगचा बिघाड दाखवणारा दिवा विझला. ताईने बटण दाबून आवाज वाढवला, कमी केला आणि म्हणाली, "चालतंय." हे मात्र ती गाडीला नाही, रेडिओला म्हणाली. त्या एका शब्दावर रेडिओ घरी जाऊन इतका वेळ बोलला की बायकोने शेवटी उशी डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीवाला पत्र्याच्या बाजूने डोकावला. "काल तब्येत बरी नव्हती का रे?"

"का?"

"आवाज नव्हता. मी दोनदा पत्र्याला कान लावला. म्हटलं, शॉक तर नाही ना बसला याला. चाकातली ती गुंडाळी बसवलीस ना? मोजल्याचं ऐकू नाही आलं."

"मोजली की."

"तोंडाने?"

रेडिओच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तो मनातल्या मनात कालचे वेढे परत मोजायला लागला. एक... आणि त्यापुढे त्याला ताईच्या मांडीवरची बॅग दिसायला लागली. आकडे नव्हतेच तिथे.

आणि ताई आज घाटात होती. आठवड्यातला हा दिवस तिचा डोंगरावरच्या वस्तीचा; एकामागोमाग एक अशी वळणं, की चाक पार टोकापर्यंत फिरवावं लागतं.

त्याने फोन लावला. वाजला आणि कटला. परत लावला. वाजला, कटला. डबा घेऊन आलेली बायको दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काल गरज होती म्हणून आल्या हो. राग काही गेला नाही अजून."

रेडिओचा चेहरा पडला. मग तो एकदम ताठ झाला.

"ताई फोन कापत नाही."

"आत्ता तीनदा कापला ना माझ्यासमोर."

"ताई वाजू देते. दीड वर्ष वाजू दिला. ती कापणारी बाईच नाही." त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "ती उचलतीये. ती उचलायचं बटण दाबतीये आणि गाडी फोन कापतीये."

बायकोला काही कळलं नाही, बॅटरीवाल्याला अर्धं कळलं. रेडिओला मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसत होतं. रिबीन चिरत चालली होती. चिरलेल्या जागी करंटला जास्तीचा अडथळा होत होता. 'उचला'चा अडथळा थोडा, 'ठेवा'चा त्याहून जरा जास्त. 'उचला'त हा चिरेचा अडथळा मिळवला की गाडीला ते 'ठेवा' वाटणार. जिन्यावरून तरणा मुलगाच येतो आहे, पण पायाला लागलंय म्हणून लंगडतोय, आणि आतल्याला वाटतं आजोबा आले. अजून एखादं पूर्ण वळण, की तो जिनाच कोसळणार. मग घाटात हॉर्न नाही. आणि काही झालंच तर एअरबॅगची पिशवी उघडणार नाही.

त्याचा अंगठा परत फोनवर गेला आणि तिथेच थांबला. फोन वाजला की ताई एक बोट चाकावर चाचपणार, नजर खाली नेणार. वळणावर. तिला सावध करायचा एकच मार्ग होता आणि तोच तिला दरीत घालणारा होता. मेसेज ती गाडी चालवताना बघत नसे. आयुष्यात पहिल्यांदा रेडिओला बोलणं धोक्याचं वाटलं. त्याने फोन खिशात टाकला आणि स्कूटरला किक मारली.

घाटात त्याचं तोंड एकसारखं चालू होतं, पण शब्द बाहेर पडत नव्हते. प्रत्येक वळणावर आधी तो कठड्याकडे बघे, तो धड असला की मग रस्त्याकडे. समोरून ट्रक आला की ट्रकवाल्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघे. ट्रकवाल्याचा चेहरा ट्रकवाल्यासारखाच असे.

ताईची गाडी त्याला वरच्या एका रुंद वळणावर दिसली. डोंगराच्या बाजूला नीट लावलेली, पार्किंगचे दिवे लुकलुकत. ताई बाहेर उभी होती, फोन कानाला. रेडिओने स्कूटर लावली नाही, जवळजवळ टाकलीच.

"तू आलास ते बरं झालं," ताई म्हणाली. "सकाळी हा काय खेळ लावलायस? फोन करतोस, उचलला की ठेवून देतोस."

"मी नाही ठेवला."

"मग?"

"गाडीने ठेवला. ताई, ती गुंडाळी मी चुकीची बसवली. मधोमध नाही बसवली. मी मोजलंच नाही." एवढं तो एका दमात म्हणाला.

ताईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. भीती आली. "म्हणजे म्हातारबांचाही मीच कापला," ती म्हणाली.

वस्तीत एक म्हातारबा एकटे राहत. छातीचा जुना आजार. फोनचा त्यांना तिटकारा. आपण होऊन ते कोणालाच फोन करत नसत. आज सकाळपासून त्यांचा तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा कटला होता. म्हणूनच तिने गाडी बाजूला घेतली होती. तेव्हापासून ती हाताने फोन लावत होती आणि तिकडे नुसता वाजत होता.

"गाडी राहू दे," रेडिओ म्हणाला. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला त्याला बाहेरूनच दिसला. "बस मागे."

ताई बॅग छातीशी धरून स्कूटरवर बसली. लहानपणी ती त्याला सायकलवर मागे बसवून शाळेत नेई आणि चढावर "उतर रे रेड्या, वजन होतंय" म्हणून ओरडे. आज चढावर स्कूटर कण्हत होती आणि कोणीच कोणाला उतर म्हणत नव्हतं.

म्हातारबांचं दार उघडं होतं. पलंगाची चादर अर्धी खाली, चपला पलंगाखाली तशाच, फोन उशीजवळ. शेजारची बाई कडेवर पोर घेऊन आली. "नेलं त्यांना आमच्या ह्यांनी, खालच्या दवाखान्यात. श्वासच घेता येईना. तुम्हाला लावत होते फोन, म्हणत होते, नर्सबाई कापतात. मी म्हटलं, त्या कशाला कापतील?"

ताईने वाकून चपला उचलल्या आणि एका पिशवीत घातल्या. रेडिओ दारात उभा होता. त्याला आईचा चष्मा आठवला.

खालच्या दवाखान्यात म्हातारबांच्या तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता.

"त्रास कधी सुरू झाला? बराच वेळ अंगावर काढलेला दिसतो."

"फोन आला होता सकाळी," ताई म्हणाली. "गाडीत बटण बिघडलं, घेता आला नाही."

"बटण नाही बिघडलं," रेडिओ म्हणाला. "मी चुकलो. त्यांची काही चूक नाही."

डॉक्टरला या दोघांचं काय चाललंय ते कळलं नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, आजची रात्र बघू, आत्ता काही सांगत नाही.

मग कॉरिडॉर उरला. तसाच बाक, तशीच भिंत, आणि ताई तशीच टेकून उभी. रेडिओ समोर उभा राहिला. तो वाट बघत होता. आता ताई ते वाक्य म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं. तिचा तो हक्कच होता. दीड वर्ष तिने तो वापरला नव्हता आणि आज तो व्याजासकट तिच्या हातात आला होता. म्हण, असं त्याला वाटलं. एकदा म्हणून टाक, म्हणजे सुटलो.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तो कशाची वाट बघतोय ते तिला कळलं होतं. लहानपणापासून तिला कळत होतंच.

"हात बघ तुझे," ती म्हणाली. "ग्रीस लागलंय. धुऊन ये. आत असं जायचं नाही."

तो गेला आणि बेसिनपाशी बराच वेळ हात धूत राहिला. ग्रीस केव्हाच निघालं होतं.

म्हातारबा ती रात्र निभावून गेले. पुढचे दिवसही तसेच, एक बरा, एक वाईट. आज उठून बसले म्हणावं, तर उद्या परत मास्क. डॉक्टर अजून काही सांगत नव्हता. रेडिओ रोज दुकानाआधी तिकडे जाऊन येई. म्हातारबांना बोलायला मनाई होती, त्यामुळे रेडिओला उभ्या आयुष्यात इतका चांगला श्रोता मिळाला नव्हता. पण तो स्टुलावर बसून राही, एवढंच. एकदा म्हातारबांनी मास्क जरा बाजूला करून विचारलं, "तुम्ही कोण?" तर तो म्हणाला, "नर्सबाईंचा भाऊ. फोन मी कापला." म्हातारबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मास्क परत लावला. त्या बघण्यात काय होतं ते रेडिओला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडी ओढून खाली आणली होती. नवी डबी आली त्या दिवशी ताई परत स्टुलावर येऊन बसली. बॅटरी सोडवली. थांबले. चाक उतरलं. चिरलेली रिबीन बाहेर आली. तिच्या कडेला केसाएवढी भेग होती, उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हती.

ताईने ती हातात घेऊन बघितली. "मागच्या वेळी तू सगळं तपासलंस तेव्हा चालत होतं ना?"

"हो. उभ्या गाडीत सगळं बरोबर होतं. वळल्याशिवाय कळत नाही."

"आईचंही तसंच होतं," ताई म्हणाली. "आदल्या संध्याकाळी मी नाडी बघितली होती. बीपी बघितलं होतं. सगळं बरोबर होतं." रिबीन तिने त्याच्या हातात परत दिली. "मी रोज बघत होते रे."

पत्र्यापलीकडे बॅटरीवाल्याच्या हातातलं काहीतरी वाजता वाजता थांबलं.

रेडिओने नवी डबी उचलली. एका टोकापर्यंत फिरवली आणि मोठ्यांदा सुरू केलं. "एक." आवाज चिरका निघाला. "दोन." मग तो थांबला. शंभर भाषणांतलं एकही आठवेना. "ताई, त्या दिवशी मी जे बोललो ना, आईच्या वेळी..."

"आकडा चुकेल," ताई म्हणाली. "आधी मोज."

त्याने डबी परत पहिल्या टोकाला नेली, नाक पुसलं आणि एकपासून सुरुवात केली, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.